ठरलेल्या वेळी खरं बोलणारं घर

आमच्या घरात राहायला येण्यासाठी फॉर्म भरावा लागत नाही. आधी एक पत्र लिहायचं, मग एका संध्याकाळी जेवायला यायचं, मग महिनाभर राहून बघायचं आणि शेवटी सगळ्यांनी बसून ठरवायचं. ठरवणाऱ्यांत नव्याने येणारी व्यक्तीही असते. तिलाही नाही म्हणायची पूर्ण मोकळीक असते, आणि तसं म्हणून गेलेले लोक आजही घराचे मित्र आहेत.

घर सात जणांचं. वयं बाविशीपासून तिशीच्या थोडी पुढे. कुणी रुग्णालयात नर्स, कुणी शाळेत शिकवणारी, कुणी वकिलीचा अभ्यास करणारा, एक जण सुतारकाम करणारा. दोघं नेमाने प्रार्थना करणारे, तेही वेगवेगळ्या धर्मांचे. दोघी ध्यानाला बसणाऱ्या. एकाचा देवावर विश्वास नाही, आणि हे तो पहिल्याच भेटीत सांगून टाकतो. सगळ्यांना धरून ठेवणाऱ्या गोष्टी तीन: रोज सकाळी एकत्र शांत बसायचं, पैसा बराचसा सामाईक ठेवायचा आणि आठवड्यातला ठरावीक वेळ घराबाहेरच्या माणसांसाठी द्यायचा. राहण्याची मुदत आधीच ठरलेली असते. ती पुरी होईपर्यंत मी तिथे राहिले.

अशा घराचं नाव काढलं की लोक म्हणतात, किती छान वातावरण असेल! वातावरण छान होतंच. पण घर वातावरणावर चालत नाही. ते चालतं रीतीवर, म्हणजे पैसे कधी मोजायचे, भांडी कुणी घासायची, मनात खुपलेलं कधी आणि कसं सांगायचं, यांच्या ठरलेल्या पद्धतींवर. माया या पद्धतींच्या आधाराने वाढते. माझं तर म्हणणं असं की पद्धती नसतील तर मायेलाच आधी तडा जातो.

महिना संपल्यावरची बैठक क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या मंडळींच्या पद्धतीने होते. त्यांच्यात एखाद्याला मोठा निर्णय घ्यायचा असला की विश्वासातली चार माणसं त्याच्याबरोबर बसतात आणि फक्त प्रश्न विचारतात. सल्ला द्यायचा नाही, स्वतःचे अनुभव सांगायचे नाहीत, आणि प्रश्नाच्या पोटात उत्तर दडवायचं नाही. ‘तुला नाही का वाटत की…’ अशी सुरुवात झाली की आमच्याकडे कुणीतरी हात वर करून थांबवतं. मला विचारलेले काही प्रश्न अजून आठवतात. दमल्यावर तू कशी वागतेस? घरच्यांना या घराबद्दल काय सांगितलं आहेस? तुझ्या कुठल्या दुःखाला इथे औषध मिळेल असं तुला वाटतं? प्रत्येक उत्तरानंतर थोडा वेळ कुणीच बोलत नसे. त्या शांततेत मला आपोआप कळायचं की आत्ता दिलेलं उत्तर पुरतं खरं नव्हतं, आणि मग मी पुन्हा बोलायचे. दीडएक तासाने सगळे उठले तेव्हा माझं मलाच स्पष्ट झालं होतं की मी यायला तयार आहे, आणि कशासाठी तेही.

घराची एक वही आहे. जाड, पुठ्ठ्याची, मधेच नवी पानं चिकटवलेली. घरातला प्रत्येक नियम तिच्यात लिहिलेला आहे आणि शेजारी तो कुठून आला तेही. आधीच्या रहिवाशांनी पुष्कळ वाचून, पुष्कळ वाद घालून ती भरली. मला ती वही फार मोलाची वाटते. तरुण माणसांनी एकत्र राहून काही साधायचा प्रयत्न करणं यात नवं काही नाही. शेकडो वर्षं लोक हे करत आले आहेत, आपटले आहेत, आणि पुढच्यांसाठी शहाणपण ठेवून गेले आहेत. ते सगळं बाजूला सारून पहिल्यापासून सुरुवात करणारी घरं वर्षभरात मोडलेली मी पाहिली आहेत.

स्वयंपाकघराचंच घ्या. सहाव्या शतकात इटलीतल्या संत बेनेडिक्टने आपल्या मठासाठी नियमावली लिहिली. तिच्यात स्वयंपाकाची पाळी आठवड्याची आहे. पाळी संपणाऱ्याने शनिवारी सगळे टॉवेल धुवायचे, भांडी स्वच्छ आणि धड अवस्थेत परत करायची. कोठी सांभाळणाऱ्याने मठातली साधी भांडीसुद्धा वेदीवरच्या पवित्र पात्रांसारखी वागवायची. आमच्याकडे हे जवळपास जसंच्या तसं आहे. शनिवारी संध्याकाळी जुना आणि नवा पाळीवाला ओट्यापाशी उभे राहतात, फडकी मोजतात, कुठल्या डब्यात काय संपत आलंय ते सांगतात, आणि जाणारा येणाऱ्याला ‘सांभाळ’ म्हणतो. पाच मिनिटांचं काम. पण अस्वच्छ ओट्यावरून भांडण झालेलं मला आठवत नाही. जबाबदारी एका हातातून दुसऱ्या हातात जाताना दोन्ही हात समोरासमोर असतात, मग कुणावर ढकलायला जागाच उरत नाही.

पैशाचं इतकं सोपं नव्हतं. एकत्र राहणाऱ्यांपुढे साधारण तीन वाटा असतात. सगळ्यांनी सारखी रक्कम द्यायची, किंवा प्रत्येकाने उत्पन्नाचा सारखा हिस्सा द्यायचा, किंवा सगळंच उत्पन्न एका थैलीत टाकायचं. पहिल्या वाटेवर कमी कमावणारा सतत ओशाळा राहतो. तिसरी वाट व्रत घेतलेल्या माणसांची आहे. दोन वर्षांनी बाहेर पडणाऱ्या तरुण मुलामुलींना ती झेपत नाही, आणि तसा हट्ट धरणं बरोबरही नाही. आमचं घर मधल्या वाटेने जातं. टक्का सगळ्यांना सारखा, रक्कम ज्याची त्याची वेगळी. शिक्षणाचं कर्ज फेडणाऱ्याचा हप्ता आणि घरी आईवडिलांना पाठवायचे पैसे आधी वजा करायचे, मग टक्का काढायचा. ही वजाबाकी नियमात यावी म्हणून आधीच्या एका तुकडीने महिनोन्‌महिने चर्चा केली होती, वहीची कितीतरी पानं त्यात गेली आहेत. जमलेल्या पैशातून भाडं, किराणा, वीज, अडीअडचणीचा निधी, आणि दहावा हिस्सा घराबाहेर.

सर्वांत कठीण काय होतं ते सांगते: आपल्या पगाराचा आकडा सगळ्यांसमोर मोठ्याने उच्चारणं. ध्यानधारणा, पहाटे उठणं, काटकसर, यातलं काहीच मला तितकं जड गेलं नाही. आमच्यात नर्सताईचा पगार सुताराच्या कमाईपेक्षा बराच जास्त होता आणि वकिलीच्या विद्यार्थ्याचं उत्पन्न नावापुरतं होतं. आकडे सांगून झाल्यावर खोलीत एक अवघडलेपण पसरलं. मग हिशेबाची वही वाचली गेली, ओळ न्‌ ओळ, आणि तिच्याआधी असंग्रहावरचा, म्हणजे गरजेपेक्षा जास्त न साठवण्याच्या व्रतावरचा, एक उतारा. १९३० साली येरवड्याच्या तुरुंगातून गांधीजी दर मंगळवारी आश्रमवासीयांना एकेका व्रतावर पत्र पाठवत. असंग्रहावरचं पत्र त्यांतलंच. आमच्याकडे दर तीन महिन्यांनी हिशेब वाचायच्या दिवशी ते पत्र वाचतात. उताऱ्यानंतर लगेच ‘बल्ब बदलले, गळका नळ दुरुस्त केला’ असं ऐकायला मिळालं की व्रत जमिनीवर उतरल्यासारखं वाटतं.

सकाळची बैठक वीस मिनिटांची. पूर्ण शांत. शेवटी पाळी असलेल्याने आपल्या परंपरेतलं किंवा आपल्याला आधार देणारं काहीही वाचायचं, दोन-तीन मिनिटं पुरेल एवढंच. एक नियम मात्र कडक: दुसऱ्याच्या वाचनावर त्या दिवशी मत द्यायचं नाही. चांगलं नाही, वाईटही नाही. सुरुवातीला हे विचित्र वाटलं. हळूहळू लक्षात आलं की ‘वा, किती सुंदर’ हेसुद्धा माप लावणंच आहे. एकदा ते सुरू झालं की लोक दाद मिळेल असंच वाचू लागतात. देव न मानणारा आमचा मित्र अनेकदा शास्त्रज्ञांची पत्रं वाचायचा, कधी एखादी कविता. तो एकही सकाळ चुकवत नसे. मी विचारलं तेव्हा म्हणाला, “दिवसभरात सात माणसं एकमेकांकडून काहीच मागत नाहीत अशी ही एकच वेळ आहे.” यायचं नसेल तर आदल्या रात्री फळ्यावर नाव लिहायचं. कारण लिहायचं नाही, आणि कुणी विचारायचंही नाही.

आता आठवड्याची सभा. माझ्या मते घराचा खरा देव्हारा तोच.

सभेचे दोन भाग. आधी माणसं, मग विषय. पहिल्या भागाची रीत थिक न्हात हान्ह यांच्या प्लम व्हिलेजमधून आलेली. हे व्हिएतनामी भिक्षू, त्यांनी १९८२ मध्ये फ्रान्समध्ये हा संघ वसवला. तिथे मध्यभागी फुलदाणी ठेवतात. ज्याला बोलायचं तो ती आपल्यासमोर घेतो, आणि ती त्याच्यापुढे आहे तोवर दुसरं कुणी बोलत नाही. क्रमही ठरलेला: आधी दुसऱ्यात दिसलेलं चांगलं, मग स्वतःकडून राहून गेलेलं, आणि त्यानंतर आपल्याला लागलेलं. या क्रमात फार खोल जाण आहे. आठवडाभर एखाद्याचा राग धरून बसलेल्या माणसालाही आधी त्याच्यातलं काहीतरी खरोखर चांगलं शोधावं लागतं. खोटं कौतुक चालत नाही, ते ऐकणाऱ्यांना लगेच कळतं.

शिक्षिका आणि सुतार यांच्यात काही आठवडे तणाव होता. दोघं मिळून संध्याकाळी शेजारच्या वस्तीत मुलांचा अभ्यासवर्ग घेत. एका सभेत तिने फुलदाणी ओढून घेतली. आधी म्हणाली, वर्गातल्या डगमगत्या बाकांचे पाय तू कुणाला न सांगता नीट केलेस, ते मी पाहिलं. मग थांबली. आणि म्हणाली, “माझ्या शाळेतला अख्खा दिवस तू मोजतच नाहीस. संध्याकाळी मी दमून आले की तुला वाटतं, हिला या मुलांची कळकळ नाही.” त्याने उत्तर दिलं नाही. त्याच वेळी उत्तर द्यायचं नाही असा नियमच आहे. उत्तरासाठी पुढची सभा. त्या आठवड्यात त्याने एक दिवस काम बंद ठेवलं, शाळेची परवानगी काढली आणि तिच्या वर्गात सकाळपासून शेवटच्या बाकावर बसून राहिला. पुढच्या सभेत म्हणाला, “दुपारपर्यंत माझं डोकं उठलं होतं. तू त्यानंतर आणखी दोन तास उभी होतीस.” उत्तर देण्याआधी आठवडा मिळाला नसता तर तो त्याच रात्री स्वतःची बाजू मांडत बसला असता, आणि ती बाजूही खोटी नव्हती.

याला जोडून वहीतला एक नियम, सर्वांत जास्त वेळा अधोरेखित केलेला: गैरहजर माणसाबद्दल बोलायचं नाही, आणि बोललंच तर नंतर त्याला जाऊन सांगायचं. हा जर्मन धर्मशास्त्रज्ञ डीट्रिश बोनहोफर यांच्याकडचा. चर्चवर नाझी सत्तेची पकड बसत असताना त्यांनी १९३५ पासून फिंकेनवाल्डे इथे तरुण धर्मोपदेशकांचं एक निवासी विद्यालय चालवलं. १९३७ मध्ये गेस्टापोने, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांनी, ते बंद पाडलं. बाहेर इतकं मोठं संकट असताना त्यांनी आतल्या कुजबुजीवर नियम करावा, हे मला पहिल्यांदा कळलं नव्हतं. राहिल्यावर कळलं. बाहेरच्या दडपणाने घर एक होऊ शकतं. कुजबुजीने ते आतून पोकळ होतं, आणि पोकळ झाल्याचं कळत नाही. हा नियम पाळणं फार कठीण. स्वयंपाक करताना कुणाबद्दल नुसतं ‘आज त्याचा मूड…’ असं निघालं तरी जीभ अडखळायची. पण एक सुख असं मिळालं की जे मी बाहेर कुठेच अनुभवलं नव्हतं: मी खोलीत नसताना माझ्याबद्दल काय बोलत असतील, हा विचारच संपला.

दुसरा भाग विषयांचा. इथे मतदान नाही. सर्वांची संमती झाली तर निर्णय, नाहीतर विषय पुढे. हेही जुनं आहे. पवनारला धाम नदीकाठी विनोबांनी १९५९ मध्ये स्त्रियांसाठी ब्रह्मविद्या मंदिर सुरू केलं. तिथल्या बहिणी सामूहिक साधना करतात, स्वतःच्या श्रमावर राहतात आणि निर्णय सर्वसंमतीने घेतात. आमच्यासारख्या हंगामी लोकांची त्यांच्याशी बरोबरी नाही. पण मतदानाशिवाय माणसं दशकानुदशकं एकत्र राहू शकतात, याची ती डोळ्यांसमोरची खूण आहे.

सर्वसंमतीची परीक्षा झाली ती एका पाहुणीच्या वेळी. अभ्यासवर्गात येणाऱ्या एका लहान मुलीची आई मारहाणीला कंटाळून घराबाहेर पडली होती. मुलीला घेऊन ती थेट आमच्या दाराशी आली. त्या रात्री तिला आत घेण्याबद्दल प्रश्नच नव्हता. पुढचे काही आठवडे ठेवून घ्यायचं का, यासाठी तातडीची सभा बसली. सहा जण लगेच हो म्हणाले. नर्सताई म्हणाली, “माझी संमती नाही. अजून नाही.”

तिची रात्रपाळी चालू होती. दिवसा घरात ती एकटीच असायची, झोपलेली. नवरा दाराशी आला तर कोण उघडणार? बाईला समुपदेशन, कायद्याची मदत लागेल, ती आपल्यापैकी कुणाला येते? आणि एक गोष्ट तिने अगदी सरळ सांगितली: “मी दिवसाला कितीतरी दुःखी माणसं सांभाळून येते. घरात मला थोडी जागा अशी हवी की जिथे मला सांभाळायचं नाही.” खोलीत एक-दोघांच्या चेहऱ्यावर नाराजी उमटली. मलाही आत कुठेतरी वाटून गेलं की अशा वेळी इतका विचार कसला.

तेव्हा वकिलीच्या विद्यार्थ्याने वही उघडून कोचरबची गोष्ट वाचली. १९१५ मध्ये अहमदाबादजवळ कोचरबला गांधीजींचा आश्रम सुरू झाला आणि थोड्याच महिन्यांत दूदाभाई, दानीबहन आणि त्यांची छोटी लक्ष्मी हे अस्पृश्य मानलं गेलेलं कुटुंब तिथे राहायला आलं. मदत करणाऱ्यांनी हात आखडता घेतला, विहिरीवर शिव्या पडू लागल्या, पैसा संपला. मग एक दिवस एक शेठ मोटारीतून आले, १३,००० रुपये हातात ठेवले आणि निघून गेले. ही गोष्ट बहुतेकांना शेठजींसाठी माहीत असते. त्याने वाचला तो पुढचा भाग. दानीबहन आश्रमात आलेली कस्तुरबांना आणि तिथल्या इतर स्त्रियांनाही पुरती रुचली नव्हती, आणि हे गांधीजींनी आत्मकथेत स्वतःच नोंदवून ठेवलं आहे. बाहेरचा विरोध जितका खरा होता, तितकीच आतली नाखुशीही खरी होती. आश्रमाने ती झाकली नाही.

वाचून झाल्यावर चर्चेचा सूर बदलला. ताईचा आक्षेप अडथळा न राहता कामांची यादी झाला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत विषय थांबवायचा आणि तोवर प्रत्येक प्रश्नाला कुणीतरी उत्तर शोधायचं, असं ठरलं. महिलांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेतली कार्यकर्ती येऊन बाईशी बोलली. कायद्याने तिला कोणतं संरक्षण मागता येतं ते समजावून दिलं. दिवसा ताईशिवाय आणखी एक जण घरी असेल अशी पाळी लागली. वरची खोली ताईची, तिथे लहान मुलीने जायचं नाही. बाईला घराची किल्ली द्यायची आणि स्वयंपाकाच्या पाळीत तिचं नाव तिने सांगितलं तरच घालायचं. मुदत किती आणि पुढे काय, हे तिच्यासमोर बसून ठरलं. मग ताई हो म्हणाली.

सगळं गोड झालं असं नाही. पुढच्या प्रत्येक सभेत ताई सांगायची की तिला झोप लागत नाही, आणि दर वेळी ते नोंदवलं जायचं. कुणी तिला ‘थोडं सहन कर’ म्हणालं नाही. बाईची बहीण येऊन त्या दोघींना घेऊन गेली तेव्हा ताईने दोन दिवस झोप काढली. एकमताने घेतलेला निर्णय सर्वांना सारखाच सोपा जात नाही. ज्याला तो जड जातो त्याचं ओझं सगळ्यांना माहीत असतं, एवढा फरक पडतो. आणि माझ्या दृष्टीने तो फार मोठा फरक आहे. त्या रात्री मतदान झालं असतं तर सहा विरुद्ध एक असा निकाल लागून आम्ही भल्या मनाने एक असुरक्षित व्यवस्था उभी केली असती.

बाहेरच्या कामाबद्दल मी कमी लिहिते आहे, कारण ते काम कुणीही कुठूनही करू शकतं. घरात राहून करण्याने एक गोष्ट साधते, ती शेजाराची. १८८९ मध्ये शिकागोत जेन ॲडम्स यांनी हल हाउस सुरू केलं तेव्हा त्याची मूळ कल्पनाच ही होती की गरीब वस्तीत शिकलेल्या तरुणांनी शेजारी म्हणून राहावं. शेजाऱ्याला मदत करायला ठरलेली वेळ नसते, आणि शेजारी मदत घेतोही. आमच्या घरातलं कुणी आजारी पडलं की वस्तीतून डबा यायचा. मात्र याच मोकळ्या वेळापत्रकात तरुण माणसं जळून जातात. म्हणून आठवड्याचा एक दिवस घर बंद: वर्ग नाही, सभा नाही, पाहुणे नाहीत. नव्या उत्साहाने आलेल्यांना हा दिवस वाया गेल्यासारखा वाटतो. त्यांना आम्ही वाद न घालता तो पाळायला लावायचो.

एका धोक्याबद्दल मात्र सविस्तर लिहायलाच हवं. अध्यात्म आणि सेवा एका छताखाली आली की कुणीतरी हळूहळू मोठा होतो. त्याचा शब्द इतरांच्या शब्दापेक्षा जड होतो. जाँ वानिए यांनी १९६४ मध्ये फ्रान्समध्ये लार्श ही चळवळ सुरू केली. बौद्धिक अपंगत्व असलेली आणि नसलेली माणसं एका घरात बरोबरीने राहतात, अशी घरं तिने अनेक देशांत उभी केली, आणि आजही ती चालू आहेत. वानिए यांच्या मृत्यूनंतर, २०२० मध्ये, संस्थेनेच करवलेल्या चौकशीचा अहवाल प्रसिद्ध झाला. आध्यात्मिक मार्गदर्शनाच्या आडून त्यांनी किमान सहा स्त्रियांचं लैंगिक शोषण केल्याचं त्यात समोर आलं. आमच्या वहीत हे पान काळ्या चौकटीत आहे. संस्थेने ते स्वतःहून जगासमोर ठेवलं, याचीही तिथे नोंद आहे.

त्या पानाखाली आमचे नियम आहेत. घराचा निमंत्रक दर तीन महिन्यांनी बदलतो. कुणी कुणाचा गुरू नाही, आणि घरातल्या घरात एकाने दुसऱ्याचं ‘मार्गदर्शन’ करायचं नाही. घराबाहेरची एक अनुभवी समुपदेशक बाई आहे. कुणालाही, कधीही, घरात न सांगता तिच्याकडे जाता येतं. तिचा नंबर दारामागे लावलेला असतो, पाहुण्यांनाही दिसेल असा. आणि कुणी घर सोडून गेलं तर ते का गेलं, हे त्याच्याच शब्दांत वहीत लिहून घ्यायचं. अशा घरात राहायला जाणाऱ्या प्रत्येकाला मी सांगते: तिथली माणसं किती प्रेमळ आहेत ते नंतर बघ, आधी विचार की सोडून गेलेले लोक कुठे आहेत आणि त्यांच्याशी बोलता येईल का. उत्तर देताना कुणी चाचरलं, तर तिथे पाऊल टाकू नकोस.

मुदत असण्याचं कारणही हेच. दोन वर्षांत कुणी घराचा मालक होत नाही. मला ते आधी क्रूर वाटायचं, कारण दुसऱ्या वर्षाच्या शेवटी घर कुठे हाताला लागलेलं असतं. पण जाणारा माणूस जागा करतो, शिवाय सगळ्या रीती पुढच्याला शिकवायच्या असल्याने त्याला त्या पुन्हा पहिल्यापासून समजून घ्याव्या लागतात.

निघण्याची रीत बौद्ध संघातली. पावसाळ्याचे तीन महिने भिक्षू एका जागी राहतात. वर्षावास संपताना प्रवारणा होते. प्रत्येक भिक्षू बाकीच्यांना विनंती करतो की माझ्याकडून काही चुकलेलं तुम्ही पाहिलं असेल, ऐकलं असेल किंवा तुम्हाला तशी शंका आली असेल, तर करुणा ठेवून मला सांगा. निघायच्या आधीच्या सभेत मी ही विनंती केली. सांगायला बसलेल्यांपैकी बहुतेकांनी मला आधीच, वेळच्या वेळी, सगळं सांगितलेलं होतं. त्यामुळे नवीन फारसं निघालं नाही. मात्र सर्वांत शेवटी आलेला मुलगा, जो वर्षभरात सभेत क्वचितच बोलला होता, त्याने फुलदाणी ओढून घेतली आणि म्हणाला, “तू मला काही शिकवताना घाई करतेस. मी दुसऱ्यांदा विचारायचं टाळायचो.” बेनेडिक्टच्या नियमावलीत महत्त्वाच्या विषयावर सगळ्यांना बोलवायला सांगितलं आहे, कारण उत्तम ते पुष्कळदा सर्वांत धाकट्याला सुचतं. मला वाटतं, हा मुलगा पुढे घर उत्तम सांभाळेल.

आम्ही तिघी-चौघं, वेगवेगळ्या वेळी तिथून बाहेर पडलेले, आता दुसरं घर सुरू करतो आहोत. जुन्या वहीची नक्कल काढली आहे. शनिवारची ओट्याची देवघेव, फुलदाणी, गैरहजर माणसाचा नियम, दारामागचा नंबर, हे सगळं तसंच ठेवणार. सकाळच्या शांततेची वेळ संध्याकाळवर नेतोय, कारण आमच्यात दोघींची कामं पहाटे सुरू होतात. पाहुण्यांसाठी खोली वेगळी असेल, तिला स्वतंत्र दार असेल, आणि तिचे नियम पहिला पाहुणा येण्याआधी लिहिले जातील. एका गोष्टीवर मात्र बराच वाद झाला. जुन्या घराचा भाडेकरार एकाच्याच नावावर असायचा, आणि निमंत्रक कितीही वेळा बदलला तरी घरमालकाशी बोलणारा माणूस नकळत वरचढ व्हायचा. दोन सभा यात गेल्या. आता करारावर राहणाऱ्या प्रत्येकाचं नाव घालायचं ठरलं आहे. घरमालकांना ते पसंत पडलं नाही, म्हणून दुसरी जागा बघणं चालू आहे.